कुंकवाची मतं

“बाई, हे बघा जरा,” टेबलावरचा कारकून म्हणाला आणि त्यानं एक मतपत्रिका माझ्यासमोर धरली. हातात द्यायची नसते, म्हणून नुसती धरली.

घागरीच्या रकान्यात शिक्का व्यवस्थित उमटला होता. आणि शिक्क्याशेजारी, घागरीच्या चित्राच्या बरोबर पोटावर, कुंकवाचं एक बोट ओढलं होतं.

मला आधी हसू आलं. त्यानं दुसरी पत्रिका उलगडली, तिच्यावरही कुंकू. तिसरीवर हळद आणि कुंकू दोन्ही, नव्या भांड्याला लावतात तसं. तरसवाडीची पेटी टेबलावर पालथी केली होती आणि तिच्यातला निम्म्याहून अधिक कागद देवघरातून उठून आल्यासारखा दिसत होता. पाच-सहा कागदांनंतर माझं हसू पार मावळलं, कारण टेबलाच्या पलीकडे बसलेले पाटसकर वकील चष्मा पुसत उभे राहिले होते.

“हरकत आहे,” ते म्हणाले.

मी तेव्हा तालुक्याच्या कोर्टात नवी होते. तालुक्यातली पहिली बाई वकील असं माझं नाव होतं आणि ते नावापुरतंच होतं. माझ्या पायरीवर जो पक्षकार चढायचा, तो बहुधा पाटसकर वकिलांचं घर कुठं म्हणून विचारायला. अशा मला शिदूआण्णा खरमाट्यांनी त्या विधानसभेच्या मतमोजणीला आपली प्रतिनिधी नेमलं, तेव्हा लोकांनी त्यांना वेड्यात काढलं होतं. आण्णा म्हणाले, “वकीलबाई भांडतात चांगलं. मी ऐकलंय कोर्टाबाहेरनं.”

शिदूआण्णा आमच्याकडचे आमदार होते. पाच वर्षांपूर्वी अपक्ष उभे राहून, घागर या चिन्हावर निवडून आलेले. त्याआधी ते विहिरींना सुरुंग लावायचं काम करत. उजव्या हाताची दोन बोटं त्या धंद्यातच गेली होती. मुंबईला अधिवेशनात ते फारसे बोलले नाहीत आणि जे बोलले ते पाण्यावरच बोलले, त्यामुळे वर्तमानपत्रांना त्यांच्यात काही गोडी नव्हती. आमच्या तालुक्याबाहेर त्यांचं नाव कुणी ऐकलं असेल असं मला आजही वाटत नाही.

त्यांच्याविरुद्ध उभे होते रंगराव मोकाशी. दगडाच्या खाणी त्यांच्या, खडी फोडायची यंत्रं त्यांची, रस्त्यानं धुरळा उडवत जाणारे ट्रक त्यांचे. तालुक्यातल्या ज्या घरात कोरडवाहू रान होतं, त्या घरातला एक तरी गडी मोकाशांच्या कामावर असायचाच. पाटसकर वकील त्यांचे प्रतिनिधी.

आणि तरसवाडी म्हणजे खडकावर वसलेलं गाव. तिथं आण्णांनी आमदार झाल्यावर विहीर मंजूर करून आणली. अर्ध्यात काळा पाषाण लागला तशी ठेकेदारानं पहारी उचलल्या आणि निघून गेला. मग एका सकाळी आमदारसाहेब स्वतः गावात आले, कमरेला दोर बांधला, खाली उतरले आणि सुरुंगाची भोकं पाडायला बसले. धोतर, बंडी, आणि हातात पहार. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, पण त्या गावात आजही कुणालाही विचारलं तर तो आधी विहिरीकडे बोट करतो आणि मग सांगायला लागतो. चौथ्या धमाक्याला पाणी फुटलं.

त्या मुलखात नव्या विहिरीतून पहिली घागर वर आली की तिला हळदकुंकू लावल्याशिवाय कुणी पाण्याचा घोट घेत नाही. एवढं लक्षात घेतलं की त्या पेटीत काय घडलं ते कळतं. मतदानाच्या दिवशी तरसवाडीच्या बाया नव्या लुगड्यांत आल्या, पडद्यामागं गेल्या, कागदावर घागर दिसली आणि पदराच्या गाठीतलं कुंकू आपसूक बाहेर निघालं. शिक्का मारायचा असतो हे त्यांना शिकवलं होतं, तोही त्यांनी मारला. पण नुसता शिक्का मारून घागर तशीच कोरडी ठेवायची, हे त्यांच्या हाताला जमलं नाही.

बाकीच्या सगळ्या पेट्या मोजून झाल्या होत्या. मोकाशी थोडक्यात पुढं होते. कुंकवाचे कागद त्या फरकाच्या दुप्पट तरी असतील. ते धरले तर आण्णा आमदार, बाद केले तर रंगराव. हे त्या खोलीतल्या पंख्यालासुद्धा कळलं होतं.

निवडणूक अधिकारी म्हणून प्रांतसाहेब होते, तरुण आणि सरळ माणूस. ते टेबलापाशी आले.

“नियम स्पष्ट आहे,” पाटसकर म्हणाले. “मतदार ओळखता येईल अशी कोणतीही खूण पत्रिकेवर असली, तर ती बाद. ही खूण नव्हे तर काय आहे?”

“खूण आहे,” मी म्हणाले, “पण तिच्यावरून ओळखू कोण येतं ते सांगा. गावातल्या झाडून साऱ्या बायकांनी तेच कुंकू तसंच लावलंय. यातलं पार्वतीचं कुठलं आणि सखूचं कुठलं, ओळखून दाखवा. शिक्का जागेवर आहे. मतदाराच्या मनात काय होतं याबद्दल तुम्हाला तरी शंका आहे का?”

कुणीतरी मागं खुसखुसलं. पाटसकरांचे कान लाल झाले. मला आतून उकळ्या फुटत होत्या, कारण प्रांतसाहेब माझ्याकडे बघून मान हलवत होते आणि ती मान नकाराची नव्हती.

“बाईंच्या म्हणण्यात तथ्य आहे,” ते म्हणाले. “सगळ्यांची खूण एकच असेल तर त्यावरून एकजण ओळखू येत नाही. मला वाटतं, ही मतं ग्राह्य धरावी लागतील.”

“मग मला एकेक कागद पाहू द्या,” पाटसकर म्हणाले. “प्रत्येकावर माझी हरकत स्वतंत्र नोंदवा. आज नाही तर उद्या हायकोर्टात हे कागद पुन्हा उघडतील. लागलं तर गावच्या बायांना साक्षीला बोलावू.”

“बघा की,” मी म्हणाले. “सावकाश बघा.”

कारकून एकेक कागद उचलून धरू लागला. पाटसकर चष्मा कपाळावर चढवून, वाकून, एखादा सराफ सोनं बघतो तसे बघायला लागले. आण्णा इतका वेळ दारापाशी बाकावर बसले होते. ते उठून आले आणि माझ्या मागं उभे राहिले. गठ्ठा पत्त्यांसारखा तिरका पसरला होता आणि त्याच्या कडेनं लाल, पिवळ्या रंगाची रांग दिसत होती. मधेच एका कागदाच्या कडेला मला काळा ठिपका दिसला. शिक्क्याची शाई सांडली असेल असं वाटून मी नजर पुढं नेली.

“साहेब, थांबा,” आण्णा म्हणाले.

सगळे थांबले. आण्णा मोठ्यानं कधी बोलत नसत, पण विहिरीच्या तळातून वर ऐकू जावं असा त्यांचा आवाज होता.

“वकिलांची हरकत बराबर हाय. बाद करा ही मतं. आन् गठ्ठा बांधा.”

मला वाटलं, माझ्या ऐकण्यातच काहीतरी घोटाळा झाला. “आण्णा, साहेब आपल्या बाजूनं निर्णय देताहेत.”

“ते कळलं मला, वकीलबाई.”

“अहो, तुमची आमदारकी आहे यात.”

“तेबी कळलं.” मग ते प्रांतसाहेबांकडे वळले. “साहेब, आज माझ्या घागरीवर कुंकू चाललं. उद्या कुणीबी आपल्या गड्याला सांगंल, माझ्या चित्रापाशी अमकी खूण कर, म्हंजे मला कळंल तू मला मत दिलंस का न्हाय. मग पडदा कशाला लावायचा? माझी हरकत न्हाय, माझा आग्रह न्हाय. कागद फिरवू नका आता. बांधा.”

पाटसकर वकील वाकलेले होते तसेच राहिले. त्यांच्या उभ्या जन्मात त्यांची हरकत विरुद्ध पक्षानं अशी मान्य केली नसेल. प्रांतसाहेबांनी आण्णांना विचारलं, “नक्की?”

“नक्की.”

साहेबांनी आदेश लिहिला. उरलेले कागद न बघताच गठ्ठ्यात गेले, गठ्ठ्याला सुतळी बसली, लाख ओतली गेली. लाखेवर शिक्का उमटेपर्यंत आण्णांनी त्यावरची नजर हलवली नाही. मग त्यांनी टोपी सारखी केली आणि बाहेर ताशे वाजायला लागले. ते मोकाशांचे होते.

त्या संध्याकाळी माझा संताप संताप झाला होता. माझ्या आयुष्यातला पहिला खटला मी पाटसकर वकिलांच्या तोंडावर जिंकला होता आणि माझ्याच पक्षकारानं तो माझ्या हातातून काढून त्यांना दिला होता. जाताना आण्णा एवढंच म्हणाले, “उद्या सकाळच्या गाडीनं तरसवाडीला जायचंय. तुमी पण चला. कायद्याचं तुमी सांगा, बाकीचं मी सांगतो.”

मी गेले. राग होता, पण हा माणूस त्या गावाला काय तोंड दाखवतो, हे मला बघायचं होतं. एसटीत पुढं आमदारांसाठी राखीव अशी पाटी लिहिलेलं आसन रिकामं होतं. कंडक्टरनं सवयीनं ते झटकलं. आण्णा त्याच्या खांद्यावर हात ठेवून मागं निघून गेले आणि टायरावरच्या आसनावर बसले.

तरसवाडीला बातमी आमच्याआधी पोचली होती. विहिरीच्या काठावर बाया जमल्या होत्या. पुरुष थोडे आणि लांब. एका घरापुढं ट्रक उभा होता, त्याच्या कपाळावर ठळक अक्षरांत मोकाशी असं रंगवलेलं. आण्णांनी पाणी मागितलं. कुणी दिलं नाही. तेव्हा त्यांनी स्वतःच रहाटाला हात घातला, घागर काढली, ओंजळीनं प्यायले आणि मग बोलले.

“तुमची मतं बाद झाली.”

“कुणी केली?” मागून कुणीतरी विचारलं.

“मी.”

मी नियम सांगायला तोंड उघडलं, पण घोळक्यातून एक म्हातारी पुढं आली आणि मी गप्प झाले. किडकिडीत, ताठ, डोक्यावर पदर. तिला सगळे गौराक्का म्हणत होते.

“आमच्या हातची पूजा चालंना व्हय तुमास्नी?” तिनं विचारलं. “ह्या हिरीत उतरलासा तवा हिथंच बसून देवाला साकडं घालत हुतो आमी. वर आलासा तवा पायावर पानी घातलं म्या. आन् आता आमचं मत घान वाटलं?”

“घाण न्हाय, गौराक्का.”

“मग? इचारलंसा का आमास्नी? फेकायच्या आदी इचारलंसा?”

आण्णांनी मान खाली घातली. आमदार म्हणून पाच वर्षं वावरलेला माणूस एका म्हातारीपुढं मान खाली घालून उभा होता आणि मला तेव्हाही वाटलं की हा आता काहीतरी सांगेल, स्वतःची बाजू मांडेल. ते म्हणाले, “चूक माझी. पाणी दिलं आन् वाटलं झालं काम. मत कसं द्यायचं ते नीट शिकवलं न्हाय. शिव्या द्या.”

“देनारच,” गौराक्का म्हणाली. ती आणखी पुढं आली. “माझा ल्योक त्येंच्या गाडीवर हाय. दारात गाडी हुबी हाय त्येंची. तरीसुदीक म्या पडद्यामागं जाऊन...”

“गौराक्का,” आण्णा म्हणाले. “त्ये बोलायचं न्हाय. कुनाला दिलं, त्ये कुनालाच सांगायचं न्हाय. मलाबी न्हाय.”

तिनं तोंड मिटलं आणि डोळे बारीक करून त्यांच्याकडे पाहिलं. त्या वेळी तिच्या डोक्यावरचा पदर वाऱ्यानं मागं गेला. तिच्या कपाळावर कुंकू नव्हतं. नवरा जाऊन वर्षं झाली असावीत. कुंकवाच्या जागी तिनं बुक्का लावला होता. काळाकुट्ट, बोटभर, नीट गोल.

मी आजूबाजूला पाहिलं. काठावरच्या साऱ्या कपाळांवर पाहिलं. लाल, लाल, लाल, मधे चार-दोन कपाळं मोकळी. काळा ठिपका त्या गावात तिचा एकटीचाच होता.

शाई सांडली नव्हती. मी वकील होते, माझे डोळे तरुण होते, तो कागद माझ्या हाताच्या अंतरावर होता आणि मला शाई दिसली होती. आण्णांना म्हातारी दिसली होती. दारातला ट्रक दिसला होता. आणि पाटसकर वकील चष्मा कपाळावर चढवून एकेक कागद बघत त्या कागदाकडे येत होते, मीच त्यांना सावकाश बघा म्हणून सांगितलं होतं.

परतीच्या गाडीत मी विचारलं, “आण्णा, तो काळा ठिपका?”

ते खिडकीबाहेर बघत राहिले. “पाटसकरांचं गाव शेजारचंच हाय. त्यांच्या आईला भेटायला गौराक्का जाती. त्यांनी बघितल्या बघितल्या वळखलं असतं.”

“पण तुम्ही हे तिथं कानात तरी सांगायचं मला.”

“सांगितलं असतं तर तुमी त्या कागदाकडं बघितलं असतं. तुमी बघितलं की त्यांनी बघितलं असतं.”

मी म्हणाले, “एका पोराची नोकरी. त्यासाठी तुम्ही सगळं सोडलं.”

“वकीलबाई, मी हिरीत उतरायचो तवा वर दोर धरायला माणूस लागायचा. खाली अंधार. दोर कुनाच्या हातात हाय ते खालनं दिसत न्हाय. पण धरनाऱ्याचा हात भाजला तर आपन कितीबी शूर असून काय उपयोग?” त्यांनी तीन बोटांचा हात गुडघ्यावर पसरला. “आन् म्या साहेबांपुढं जे बोललो तेबी खोटं न्हवतं. दोन्ही खरं हाय.”

मी आयुष्यात पुढं बरेच मोठे लोक पाहिले. मंत्री पाहिले, न्यायमूर्ती पाहिले. टायरावरच्या त्या आसनावर धक्के खात बसलेल्या माणसाएवढं मोठं मला कुणीही वाटलं नाही, आणि हे सांगताना मला बिलकूल संकोच वाटत नाही.

पुढची पाच वर्षं आण्णा गावोगाव हिंडले. बिस्किटांचा पत्र्याचा डबा, त्याच्या झाकणाला पाडलेली फट, सुतारानं कोरून दिलेला लाकडी शिक्का, आणि कागदांवर वांगी, भोपळा, मिरची यांची चित्रं. देवळात पडदा लावायचा आणि बायकांना सांगायचं, यातलं कुठलंही एक निवडा. मीही कधी कधी जायचे. बाया हसून हसून बेजार व्हायच्या. कुणी बाहेर येऊन “म्या भोपळ्याला दिलं” असं म्हणाली की आण्णा कानांवर हात ठेवून तिला परत पडद्यामागं पाठवायचे. कुंकू आणलंय का, असं ते आधीच विचारायचे आणि सगळ्यांच्या पुड्या एका ताटात ठेवून घ्यायचे. तरसवाडीला ते वरचेवर जायचे. तिथं त्यांना पाणी मात्र पहिल्या वर्षभरात कुणी आपणहून दिलं नाही.

पुढच्या निवडणुकीला ते पुन्हा घागर घेऊन उभे राहिले. मोकाशी होतेच. तिसरा एक तरुण मास्तर होता, शिडी या चिन्हावर, रस्ता करतो म्हणणारा. पाच वर्षांत तालुक्याला पाणी बऱ्यापैकी मिळालं होतं, पण पावसाळ्यात तरसवाडीची कच्ची वाट अजून बंद व्हायची आणि बाळंतीण बाजेवर घालूनच खाली न्यावी लागायची.

मोजणीला मी पुन्हा होते, पाटसकर वकीलही होते. तरसवाडीची पेटी उघडली तेव्हा आण्णा बाकावरून उठून आले. कारकून एकेक कागद उलगडू लागला. शिक्का. शिक्का. शिक्का. रेघेच्या आत, सुबक, कोरडा. ना कुंकू, ना हळद, ना काळा ठिपका. पाटसकरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि थोड्या वेळानं पुन्हा नाकावर घेतला. हरकत घ्यायला जागाच नव्हती.

आणि बहुतेक शिक्के शिडीवर होते.

मी आण्णांकडे बघायचं टाळत होते. कागद संपले, तेव्हा त्यांनी कारकुनाला विचारलं, “बाद किती?”

“एकही नाही, आण्णा.”

“एकबी न्हाय?”

“एकही नाही.”

त्यांनी पाटसकर वकिलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि चेहरा असा फुलला होता की दारातून आत येणाऱ्या माणसाला वाटलं असतं, हाच निवडून आला. “वकीलबाई, बघितलंसा?” ते म्हणाले. “आता ह्यांना कुनी फसवू शकत न्हाय. म्याबी न्हाय.”

मास्तर निवडून आले. मोकाशी पडले, आण्णा तिसरे. आम्ही बाहेर आलो तर कडुलिंबाखाली तरसवाडीच्या काही बाया उभ्या होत्या आणि त्यांच्या पुढं गौराक्का. पाच वर्षांत ती वाकली होती, पण नजर तीच होती. हातात पाण्यानं भरलेला तांब्या होता. तो तिनं आण्णांपुढं धरला. ते घटाघटा प्यायले.

“आण्णा, राग धरू नगासा,” ती म्हणाली. “पान्याचं तुमी केलं. आता रस्ता पायजे. म्हनून यंदा आमी...”

आण्णांनी तांब्या तसाच खाली ठेवला आणि दोन्ही हात कानांवर नेले. “गौराक्का, त्ये मला सांगायचं न्हाय.”

ती थबकली आणि तोंडावर पदर घेऊन हसायला लागली. हसता हसता तिनं पदराची गाठ सोडली, बुक्क्याची पुडी काढली, त्यात बोट बुडवलं आणि आण्णांच्या कपाळाजवळ आणून मधेच थांबवलं. मग माझ्याकडे वळून तिनं अगदी गंभीरपणे विचारलं, “वकीलबाई, ह्यो हितं लावला तर चालंल का?”

“चालेल,” मी म्हणाले. “इथं कुणाची हरकत नाही.”